मानेवरची तिरपी रेघ

आमच्या घरातली माणसं पाठमोरी ओळखू येतात. हे मी म्हणत नाही, कोपऱ्यावरचा सलूनवाला म्हणतो. मानेवर जिथे केस संपतात तिथली रेघ उजव्या कानाकडून डाव्या कानाकडे उतरत जाते. फार नाही, पण भिंतीवर जराशी कललेली तसबीर कशी डोळ्यांना टोचत राहते, तशी. पुतण्याची तशी, पुतणीची लहानपणी तशी, तिच्या दोन्ही मुलांची तशी, आणि पुतण्याच्या लेकीची, चिमटीची, तर विचारूच नका. "एका साच्यातून काढलेत सगळे," असं सलूनवाला म्हणायचा. त्याचं गिऱ्हाईक बुडवणारी बाई म्हणजे माझी वहिनी. तिने घरातलं एकही डोकं राजीखुशीने त्याच्या खुर्चीपर्यंत जाऊ दिलं नाही.

गंमत अशी की वहिनी छत्र्यांच्या कारखान्यात कापड कापायची. थरावर थर पसरायचे, वर पत्र्याचा साचा ठेवायचा आणि त्रिकोणी पाकळ्या कापत जायचं, हे तिचं आयुष्यभराचं काम. एक पाकळी जरा जरी वाकडी गेली तरी छत्री उघडल्यावर तोंड वेंगाडते, असं ती सांगायची. तिच्या पाकळ्यांची छत्री कधी तोंड वेंगाडत नसे. तोच हात घरी आला की तिरपा चालायचा. पुतण्या मोठा झाल्यावर तिला चिडवायचा, "आई, छत्र्यांना सरळ आणि पोटच्या पोरांना तिरपं, हा कुठला न्याय?"

"छत्री हलत नाही. तू हलतोस."

या सगळ्यात एकच डोकं वेगळं होतं, माझं. माझेही केस वहिनीच कापायची, पण माझी रेघ फूटपट्टी लावून आखल्यासारखी सरळ. एकदा सलूनवाल्याने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तुम्ही त्या घरातले नाही वाटतं? पाहुणे का?" मी हसलो. शहाणा माणूस हसून विसरून गेला असता. मी विसरलो नाही.

कारण प्रश्न तसा चुकीचा नव्हता. मी वहिनीचा धाकटा दीर. लग्न केलं नाही; खरं म्हणजे जमलं नाही; त्याहून खरं म्हणजे कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. छापखान्यात प्रूफं तपासायची नोकरी केली. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेल्यामुळे स्वतः काही बोलायची, लिहायची धास्तीच बसली. हेसुद्धा खोडत खोडतच लिहितो आहे. घराची मागची खोली माझी होती. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, ट्रक दुरुस्त करायचा. एक दिवस ट्रकखाली असताना जॅक निसटला. तेव्हा पुतण्या नुकता शाळेत जायला लागला होता आणि पुतणी कडेवर होती.

दादा गेल्यानंतर काही दिवसांनी मी माझी पुस्तकं बांधायला घेतली. घरात तरणी विधवा वहिनी आणि बिनलग्नाचा दीर. लोक काय म्हणतील, हा विचार माझ्यासारख्या भित्र्या माणसाला झोपू देईना. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"कुठे निघालात भाऊजी?"

"लोक बोलतील, वहिनी."

"लोकांना बसल्या जागी दुसरं काय काम असतं? तुम्ही गेलात तर ही खोली मोकळी पडेल, आणि मग मला रोज तिथे जाऊन रडावंसं वाटेल. मला रडायला वेळ नाही. राहा."

मी राहिलो. पण कुणीतरी 'राहा' म्हटलं म्हणून राहिलेला माणूस जन्मभर दाराजवळच बसतो. माझं तसं झालं.

घरासाठी मी काय केलं म्हणाल, तर वाचलं. झालं असं की पुतण्या कात्री बघितली की असा किंचाळायचा, की शेजारी दार ठोठावायचे. एका रविवारी स्वयंपाकघरात तीच रड चालली होती आणि मी खिडकीखालच्या ट्रंकेवर बसून एका पुस्तकाची प्रूफं तपासत होतो. प्रूफं पुटपुटत वाचायची मला सवय. समुद्रावरची गोष्ट होती. मिठाचं जहाज घेऊन एक म्हातारा कप्तान निघालेला, आणि ज्या बंदरात जायचं त्याचा दिवा विझलेला. एकाएकी लक्षात आलं की घरात शांतता आहे. मी थांबलो.

"मग बुडाला का तो?" स्टुलावरून पुतण्याने विचारलं.

वहिनीच्या दातांत कंगवा होता. तशीच ती म्हणाली, "भाऊजी, थांबू नका. डावा कान राहिलाय."

तेव्हापासून ती रीतच पडली. खिडकीसमोर स्टूल, स्टुलावर चादर गुंडाळलेलं पोर, मागे वहिनी, आणि तिच्या डाव्या हाताला ट्रंकेवर मी. ते पुस्तक छापून आलं तेव्हा बांधणीत एका प्रतीची शेवटची पानं राहून गेली. असली खराब प्रत छापखान्यात रद्दीत जाते. ती मी घरी आणली. शेवट नसल्यामुळे तो मलाच रचावा लागे, आणि मला एकही शेवट बरा वाटत नसे, म्हणून दर वेळी नवा. कधी कप्तान पोचायचा, कधी बंदरच जहाजाकडे चालत यायचं. पोरांची तक्रार नव्हती. तक्रार वहिनीची असायची.

"मोठ्याने वाचा हो भाऊजी, पोरांना ऐकू जाऊ दे."

माझा आवाज मुळात वाचनालयातला. मी थोडा चढवायचो, पुन्हा खाली यायचा. एकदा धीर करून मी विचारलं, "वहिनी, तुला यातला कुठला शेवट आवडला?"

"शेवट?" ती चादर झटकत म्हणाली. "मी केसांकडे बघते हो. तुमचं जहाज बुडतं का तरंगतं, मला काय ठाऊक!"

म्हणजे चादर, पाण्याची बाटली, पावडरचा डबा आणि भाऊजी, अशी ती सामग्री होती. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. मला थोडं वाटलं.

वहिनीची माया बोलण्यात दिसायची नाही. कारखान्यातून आली की चपला काढायच्या आधी दोन्ही पोरांच्या मानेवरून हात फिरवायची. ताप आहे का, केस वाढलेत का, कुणाशी मारामारी झाली का, सगळं तिला त्या एका हातात कळायचं. लेक पुढे नर्स झाली. तिच्या दवाखान्यातल्या पाळ्या सुरू झाल्या तेव्हा वहिनी कारखाना सुटला की थेट तिच्या घरी जाऊन नातवंडं सांभाळायची; त्यांचे केस वाढले की रविवारी त्यांना आमच्या स्टुलावर हजर करायची. गुडघे दुखायला लागल्यावर जिन्याला शिव्या देत जायची, पण जायची. आणि जे काही महत्त्वाचं सांगायचं ते ती केस कापून झाल्यावर, मानेला पावडर लावताना, कानाशी वाकून सांगायची. दुसऱ्या कुणाला ऐकू यायचं नाही. पुतणीने नर्सिंगला जायचं ठरवलं तेही त्या स्टुलावरच. "तुला रक्ताची भीती वाटते ना, वाटू दे. भीती घेऊन जा," असं आई म्हणाली होती, हे पुतणीने मला आत्ता, वहिनी गेल्यावर सांगितलं.

ती सोशीक वगैरे होती असं मात्र नाही. पुतणी कॉलेजात असताना एकदा मैत्रिणींबरोबर सलूनमध्ये केस कापून आली. वहिनी रागावली नाही. फक्त पुढचा महिनाभर तिला 'अहोजाहो' करत होती. "पाहुण्यांना पाणी विचारा रे कुणीतरी," असं चालायचं.

मला पावडर लावताना ती म्हणायची, "झालं भाऊजी. उठा." तेवढंच.

हिवाळ्याच्या सुरुवातीला तिच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात नेलं, लेकीच्याच वॉर्डात होती, आणि एका दुपारी, लेक उशी सारखी करत असताना, गेली. 

नंतर कुणी काही ठरवलं नाही, पण कुणी केसही कापले नाहीत. कात्री तिच्या खिळ्यावर होती तिथेच राहिली. पुतण्या शहरात बस चालवतो. त्याचे केस टोपीखालून बाहेर लोंबायला लागले आणि एका प्रवासी बाईने त्याला "ओ ताई, पुढच्या थांब्याला थांबवा" म्हटलं. पुतणीची दोन्ही मुलं झुडपं झाली. सगळे एकमेकांकडे बघत आणि विषय बदलत. सलूनमध्ये पहिल्यांदा कोण जाणार, असा प्रश्न होता, आणि गेलो तर ती रेघ सरळ होऊन परत येणार.

माझ्यापुढे वेगळा प्रश्न होता. जिने 'राहा' म्हटलं होतं ती गेली होती. पुतण्या, सूनबाई चांगली माणसं आहेत. चांगल्या माणसांवर ओझं टाकणं जास्त सोपं, म्हणून जास्त वाईट. मी गुपचूप शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम बघून आलो. तिथल्या बाईंनी खोली दाखवली. खिडकी होती. "पुस्तकं फार आणू नका, कपाट एकच आहे," त्या म्हणाल्या. मी नवा महिना लागला की येतो म्हणून सांगितलं आणि घरी येऊन पुस्तकं खोक्यांत भरायला लागलो. घरात सांगायचं राहिलं होतं. रोज वाक्य जुळवायचो आणि रोज त्यात चूक सापडायची.

मग चिमटीचा प्रसंग घडला. ती दुसरीत आहे. केस डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले होते आणि शाळेतून बाईंनी सांगितलं होतं, सोमवारी केस कापून किंवा बांधून पाठवा. बांधायला ते पुरत नव्हते. रविवारी सकाळी पुतण्या तिला कोपऱ्यावर घेऊन गेला. थोड्या वेळाने चिमटी गळ्यात सलूनचा झगा बांधलेला, अशी रस्त्यातून पळत आली, मागे पुतण्या, आणि त्याच्या मागे झगा परत मागायला सलूनवाला.

"आजी कापायची तसे पाहिजेत!" ती टेबलाखालून ओरडली.

पुतणी आली होतीच. तिने सलूनवाल्याला झगा दिला, माफी मागितली, आणि भिंतीवरच्या कात्रीकडे जरा वेळ बघत राहिली. मग ती खाली काढली.

"मी कापते."

"तुला येतं?" पुतण्याने विचारलं.

"रोज माणसांना सुया टोचते. केसांना तर रक्तसुद्धा येत नाही."

टेबलाखालून आवाज आला, "आणि काकाआजोबा वाचणार."

"पुस्तक खोक्यात आहे," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

"कुठल्या खोक्यात?"

सूनबाई म्हणाली, "काकांनी पुस्तकं काढलीत ना सगळी. मला वाटलं वाळवी लागली."

पुतण्या माझ्या खोलीत गेला आणि परत आला. "काका, कपाट रिकामं आहे."

एवढे दिवस जुळवलेलं वाक्य मला एकही आठवेना. "एक जागा बघितलीय," मी म्हणालो. "बरी आहे. खिडकी आहे. चिमटीला आता स्वतःची खोली लागेल..."

"तिने मागितली?"

"मागायच्या आधी द्यावी रे."

"मला नको," चिमटी म्हणाली. "तिथे पुस्तकांचा वास येतो."

पुतण्याचा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आहे. "आमचं काही चुकलं का? कुणी काही बोललं?"

"नाही रे, तसं नाही. वहिनी होती तोवर ठीक होतं. तिने राहा म्हटलं होतं. आता..."

"आता काय? आई काय तुमच्याशी भाडेकरार करून गेली होती? ती गेली, करार संपला?"

अशा वेळी मला उत्तरं दुसऱ्या दिवशी सुचतात. पुतणी कात्रीला तेल लावत होती. ती वर न बघता म्हणाली, "भांडण नंतर. आधी हिचे केस. काका, पुस्तक शोधा."

ते सगळ्यात खालच्या खोक्यात निघालं. मी ट्रंकेवर बसलो. चिमटी चादरीत शहाण्यासारखी बसली. मागे पुतणी उभी राहिली. पाठीमागच्या भिंतीला टेकून पुतण्या, हाताची घडी घालून, अजून रागावलेला. मी वाचायला लागलो. पहिल्या पानावर आवाज फुटेना, दुसऱ्यावर फुटला. कप्तानाने नांगर उचलला. कात्रीची कचकच सुरू झाली आणि माझ्या डोळ्यांना अक्षरं नीट दिसेनाशी झाली, पण ते पुस्तक मला पाठ आहे.

"काका, मोठ्याने वाचा," पुतणी म्हणाली. "हिला ऐकू येत नाहीये."

"मला येतंय," चिमटी म्हणाली.

मी चढवला, पुन्हा उतरला. दिवा विझलेल्या बंदराशी येईपर्यंत केस कापून झाले. पुतणीने चादर सोडली, दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अरे देवा. तिरपं झालं!"

पुतण्या पुढे आला. बघता बघता त्याचा राग कुठल्या कुठे गेला. "आईचंच! डिट्टो आईचं! मुद्दाम केलंस?"

"शपथ नाही. मी सरळच कापत होते. डोळ्यांना सरळच दिसत होतं."

चिमटी हाताने मान चाचपत होती. तिला रेघ कळली आणि तिचा चेहरा खुलला. "मग तिरपंच होणार," ती म्हणाली. "आत्या, तू अशी उभी होतीस." आणि तिने डावा कान माझ्या ट्रंकेकडे वाकवून दाखवला, मान पार कललेली, हातात खोटी कात्री.

"अशी?"

"हो. काकाआजोबा हळू वाचतात ना. आजीपण अशीच करायची. मला समोरच्या काचेत दिसायचं."

पुतणीने मान तशी कलवली, मग सरळ केली, मग पुन्हा कलवली, जणू जुना झगा अंगाला लावून बघावा तशी. पुतण्या म्हणाला, "म्हणजे आई ऐकत होती? आम्हाला तर सांगायची, मला त्या जहाजाचं काय!"

मी मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत बसलो. मला एकदम माझीच सरळ रेघ आठवली. माझे केस ती कापायची तेव्हा स्टुलावर मी असायचो. वाचायला कुणी नसायचं. कान द्यायला काही नसायचं, मान कलायचं कारण नसायचं, आणि छत्रीच्या पाकळीसारखी रेघ सरळ जायची. इतकी वर्षं मी तिला परक्याची खूण समजत होतो. आणि या सगळ्यांच्या मानेवर उतरत जाणारी ती चूक, जिच्यावरून रस्ता त्यांना ओळखतो, ती माझ्या हळू आवाजाने पडलेली होती. प्रूफं तपासणाऱ्याला एवढी एक चूक कधी सापडली नाही.

हे मी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर नीट जमलं नसतं. पण पुतणी माझ्याकडे बघत होती, आणि तिला आईची ती नजर आहे.

"काका, बसा आता स्टुलावर. जंगल झालंय."

"माझे राहू देत. मला तिथे..."

"बसा."

मी बसलो. पुतण्याने चादर गुंडाळली, जरा घट्टच. पुस्तक चिमटीने उचललं आणि ती ट्रंकेवर जाऊन बसली. तिला जोडाक्षरं अजून अडतात, त्यामुळे ती एकेका शब्दाशी झटत, हळू, बोट ठेवून वाचत होती. खिडकीच्या काचेत मला पुतणी दिसत होती. थोड्या वेळाने तिचा चेहरा काचेतून एका बाजूला सरकला.

चिमटी शेवटच्या पानाशी पोचली. पुढे पानं नव्हती. "आता?" तिने विचारलं.

"आता तू सांग," मी म्हणालो.

तिने विचार केला. "दिवा विझला होता, पण बंदरावर सगळे जागे होते. त्यांनी हाका मारल्या. मग तो आला."

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

पुतणीने पावडरचा डबा उघडला. मानेवर मऊ, थंड काहीतरी फिरलं आणि ती कानाशी वाकली. मला वाटलं आईसारखी म्हणेल, झालं काका, उठा.

"राहा," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

पुतण्या मागे आरसा धरायला आला, पण माझा चष्मा चादरीखाली होता आणि तो शोधेपर्यंत मला धीर निघेना. मी मानेवर बोट ठेवलं, उजव्या कानाखाली. आणि हळूहळू डावीकडे नेलं. बोट उतरत गेलं.